चांदीच्या डबीतलं लिंग

माणसांवर पटकन विश्वास टाकणाऱ्यांचा मला लहानपणापासून राग येतो, आणि आमची अव्वा, म्हणजे आई, नेमकी तसलीच होती. चिटगुप्प्याच्या बाजाराला आलेली एखादी अनोळखी बाई पाणी मागायला दारात थांबली, तर तिला पाण्याबरोबर भाकरी मिळायची आणि आमच्या घरातल्या चार गोष्टीही कळायच्या. म्हणून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिला सोलापूरला न्यायचं ठरलं, तेव्हा मला तिच्या डोळ्याइतकीच तिच्या तोंडाची काळजी होती.

निजामाचं राज्य जाऊन एक-दोन वर्षं झाली होती. इंग्रजही गेले होते, पण आमच्याकडे सोलापूरला अजून इंग्रजी मुलूखच म्हणत. वाटेत नाका होता, आमचा निजामी हाली रुपया पलीकडे चालत नव्हता, आणि तिकडून फसून आलेल्यांच्या कथा घरोघरी होत्या. माझे चुलते एकदाच गेले होते, तर नवी छत्री आणि पितळी तांब्या गमावून आले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून बजावलं, की कुणाचं काही खायचं नाही, गावाचं नाव सांगायचं नाही आणि जो गोड बोलेल त्याच्यापासून चार हात लांब राहायचं. अप्पा वारले होते, भाऊ पेरणीत अडकला होता, त्यामुळे माहेरी आलेल्या माझ्यावरच ही जबाबदारी पडली. अव्वाचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता, आणि तोही गेला असता तर ती कायमची आंधळी झाली असती.

मोटारीत शेजारच्या बाईनं कुठं निघालात विचारलं. मी उमरग्याला मामाकडे असं ठोकून दिलं. उमरगा येऊन गेलं तरी आम्ही जागच्या हललो नाही, तेव्हा ती माझ्याकडे टकामका बघत राहिली. तिनं भाजक्या शेंगा पुढे केल्या. अव्वाचा हात निघालाच होता, तो मी पदराखाली दाबून धरला. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा तपासला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन करू म्हणाले. त्यानंतर आठ दिवस दोन्ही डोळे बांधून उताणं पडून राहायचं होतं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. रडली तर डोळा हातचा जाईल, असं त्यांनी मला बाजूला घेऊन दोनदा सांगितलं, आणि मी ते अव्वाला बजावलं.

सकाळी वॉर्डातली आया आली. गळ्यात, हातात काहीच ठेवायचं नाही म्हणाली. अव्वाच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. लहानपणी गुरूंनी बांधलेलं ते लिंग तिच्या अंगावरून कधी उतरलं नव्हतं. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा केल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे. आया म्हणाली, "बाई, माझ्याकडं द्या, कपाटात कुलपात ठेवते." तिनं डबीकडे असं निरखून पाहिलं, की ही चांदी जोखतेय याची मला खात्रीच पटली. मी नाही म्हटलं. मी ते जवळ ठेवू शकत नव्हते, कारण एकाचं लिंग दुसऱ्यानं हाती धरायचं नाही, लेकीनंसुद्धा नाही, अशी आमच्या घरची रीत. धरलंच तर आमच्या गुरुस्थानी असलेल्या जंगमानं.

आणि अंगणातल्या लिंबाखाली जंगम बसलेला होता. भगवी कफनी, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात काठी. मी काही अगदीच भोळी नव्हते. अव्वाला घेऊन मी त्याच्यापाशी गेले आणि त्याची उलटतपासणी केली. मठ कोणता, स्वामी कोण, आमच्या भागात कुणाकडे उतरता. मी विचारायची आणि अर्धं उत्तर अव्वाच देऊन मोकळी व्हायची. उरलेलं अर्धं तो पुरं करायचा. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. डबी सांभाळाल का म्हटल्यावर त्यानं आधी हात जोडून नकार दिला, अंगावरचं लिंग उतरवू नये म्हणाला. त्या नकारानं माझा उरलासुरला संशय गेला. मीच त्याच्या विनवण्या केल्या. अव्वा बाहेर येईपर्यंत जागेवरून हलणार नाही, असं म्हणून त्यानं डबी दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावली.

ऑपरेशन चांगलं झालं. मी धावत अंगणात आले तर लिंबाखाली कुणी नव्हतं. फाटकापर्यंत, रस्त्यावर, मोटार अड्ड्यापर्यंत मी पळत जाऊन आले. चांदी गेल्याचं मला काहीच वाटलं नाही. लिंग गेलं होतं, आणि ते कळलं की अव्वा रडणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वानं पडल्या पडल्या डावा हात पुढे केला आणि लिंग दे म्हणाली. आया दुधाचा पेला घेऊन उभी होती. आमच्यात लेकीबाळींच्याही गळ्यात लिंग असतं; मी माझं सोडलं आणि अव्वाच्या तळहातावर ठेवलं. हे पाप आहे हे मला ठाऊक होतं. अव्वानं त्यावरून अंगठा फिरवला, जरा थांबली, मग बोटानं पाणी शिंपडून, विभूती लावून पूजा केली आणि दूध प्यायली. डबी कुठंय, तिनं विचारलं नाही. मी ते लिंग परत गळ्यात बांधलं, पण त्याची पूजा करायला माझा हात होईना. पूजेशिवाय जेवायचं नाही, म्हणून चहावर दिवस काढू लागले. ज्या आयेवर मी चोरीचा संशय घेतला होता, ती रोज माझ्यासाठी भाकरी ठेवून जायची आणि मी तोंड फिरवून बसायची. रोज सकाळी मी आईला फसवायची आणि भिंतीकडे तोंड करून आवाज न करता रडायची.

नवव्या दिवशी पट्टी सोडली. डॉक्टरांनी बोटं धरली, अव्वानं बरोबर मोजली. मला हुंदका आवरेना. खोली रिकामी झाल्यावर मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकलं. जंगम, फाटक, माझं लिंग, सगळं.

"पहिल्याच दिवशी कळलं मला," अव्वा म्हणाली. "डोळं बांधल्यालं होतं, हात न्हाई. इतकी वर्सं धरल्यालं लिंग मला कळंना व्हय?"

"मग बोललीस कामून न्हाई?"

"तू रडायलीस ते ऐकू यायलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर मलाबी रडू आलं असतं. तूच म्हणलीस न्हवं, रडलं की डोळा जाईल म्हणून? गिळून टाकलं मी." तिनं माझ्या तोंडाकडे एका डोळ्यानं निरखून पाहिलं. किती दिवसांनी ती मला पाहत होती. "साऱ्या जगावर संशय घेतलीस, त्याचं काय न्हाई. पर मला सांगितलं तर मी सोसंन, एवढा तरी भरवसा आईवर ठेवायचास की गं."

तिच्या आवाजात राग नव्हता.