फोन्सेका काकांनी परत केलेला पहिला नंबर

लायब्ररी मागे पडली, तेवढ्यात फोन्सेका काका फूटपाथच्या कडेला अडखळले आणि दोन्ही हातांवर पडले. संघमित्रा त्यांना उचलायला धावली.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग झाडाला धरून उभे राहिले. पंच्याण्णव वर्षांचा माणूस! तळहात पार सोलवटले होते. पँट झटकत म्हणाले, "चल. का दमलीस?"

"मी कसली दमते! आमच्या नागपुरात तुमच्या वयाची माणसं खाटेवर बसून सुनांना हुकूम सोडतात."

"माझी सून ऐकत नाही. म्हणून तर चालतो."

ती हसली खरी, पण नजर त्यांच्या तळहातांवरून हटेना. काकांचा मुलगा पीटर तिच्यासमोरच बजावून गेला होता, "पप्पा, आणखी एकदा पडलात की कायमचं वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये." मग कसलं हे फिरणं?

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आली. नवरा, अतुल, ऑफिसला गेला की शेजारच्या या काकांबरोबर चालायला निघायची. कंपन्यांच्या काचेच्या इमारती दाखवत ते म्हणायचे, "इथं जर्दाळूच्या बागा होत्या." पोर्तुगालहून बापाबरोबर आलेलं पोर ते. दिवसभर फळं तोडायचं आणि संध्याकाळी त्याच बागांतून पळायचं, कामाचेच बूट घालून. मॅरेथॉनमध्ये मध्येच पाणी पिणाऱ्याला तेव्हा लोक लेचापेचा म्हणत. हा तोंडात जर्दाळूची बी धरून पळे.

पहिल्या महायुद्धानंतरची गोष्ट. एका मोठ्या शर्यतीत तो पहिला आला. बँड वाजला, लोकांनी खांद्यावर घेतलं. आणि तिथं, खांद्यावर बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं, की वाटेत फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्याचं धुराडं लागायला हवं होतं, ते लागलंच नाही. एकसारख्या झाडांच्या ओळींत वळण चुकून तो जवळच्या वाटेनं आला होता. कुणी पाहिलं नव्हतं. तरी खाली उतरला आणि पंचांना सांगून मोकळा झाला. पुढे कितीतरी वर्षं पळाला. दुसरा आला, चौथा आला. पहिला पुन्हा कधीच नाही.

हे ऐकलं त्या दिवशी संघमित्राचे हात आपोआप जोडले गेले होते. रोज सकाळी बुद्धवंदना घेताना पंचशीलात तीही म्हणायची, खोटं बोलणार नाही. पण म्हणणं वेगळं आणि हातात आलेला पहिला नंबर देऊन टाकणं वेगळं.

घर जवळ आलं. दारात पीटरची गाडी उभी होती. तिनं मनाशी ठरवलं, आज शील मोडलं तर मोडलं.

"काका, तळहातांना गुलाबाचे काटे लागले म्हणून सांगते मी."

काका थांबले. त्या गाडीकडे त्यांनी एकदा बघितलं.

"नको, मुली. तू पुढं हो आणि पीटरला सांग, पप्पा पडले. आज माझ्या तोंडून ते निघायचं नाही. पण एवढं जरूर सांग, की माझा मी उठलो आणि उरलेला रस्ता चालत आलो."