टाचणी नसलेली बाहुली

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण सोलापुरातल्या त्या विणकर गल्लीतली भीती आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

गल्लीमागे वसाहतीच्या आराखड्यात मोकळी सोडलेली जागा होती. तिथं एका बिल्डरला बहुमजली इमारत उठवायची होती. जागेला लागूनच एका विधवा अक्कांचं घर. पाया खणला की त्यांची जुनी भिंत बसणार, हे उघड होतं. अक्कांनी घरोघर फिरून लोकांना महापालिकेत हरकत घ्यायला लावली. सुनावणी जवळ आली आणि एका सकाळी हरकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या उंबऱ्यावर लिंबू, कुंकू आणि काळी बाहुली सापडली.

अक्का ठाण्यात आल्या. "साहेब, लोक हरकत मागं घ्यायलेत. पोरंबाळं हायत, नको म्हणायलेत. मी एकटी पडले तर माझं घर गेलंच की!"

गल्लीत गेलो तर भरदिवसा दारं बंद, लूम बंद. पंचनाम्याला पंच मिळेना. शेवटी बाहेरून दोघे आणले. हवालदारानं बाहुल्या रुमालात धरून ओळीनं मांडल्या. खोटं कशाला सांगू, मीही हात लावला नाही.

सगळ्या बाहुल्यांच्या छातीत टाचण्या होत्या. फक्त एकीत नव्हती. ती अक्कांच्या समोरच्या दारातली. घरमालक लूमवरचा कामगार, अक्कांच्या डोळ्यांसमोर वाढलेला. ठेवणारा एवढ्या दारांत विसरला नाही, मग इथंच कसा विसरला? म्हटलं, आणा त्याला.

मारहाण नाही, आरडाओरडा नाही. चहा दिला आणि पुढ्यात ती बाहुली, शेजारी एक टाचणी ठेवली.

"टोच."

"नको साहेब."

"अरे, चिंध्या आहेत नुसत्या. टोच म्हणतो ना!"

त्याला दरदरून घाम फुटला. "घरात लेक हाय साहेब. त्या दिवशीबी न्हाय टोचवलं."

एवढं बोलून तो ढसाढसा रडला. संशय येऊ नये म्हणून स्वतःच्या दारातही त्यानं बाहुली ठेवली होती, पण टाचणी लावायला हात धजला नव्हता. बिल्डरच्या माणसानं त्याला गाठून बाहुल्या हातात दिल्या होत्या आणि एवढंच विचारलं होतं, "तुझी लेक कॉलेजला एकटीच जाते ना रे?" त्या माणसाला आम्ही त्याच दिवशी उचललं.

अक्कांना सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्याशाप देतील. त्या समोर बसलेल्या त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "गाढवा, मला सांगायचं न्हाय व्हय? मी गेले असते की लेकीसंगं!"

सुनावणीला सगळी गल्ली आली, घाबरत घाबरत का होईना. अधिकाऱ्यानं विचारलं, "कोणाची हरकत आहे?" सगळ्यांच्या माना खाली. तेवढ्यात मागून तोच कामगार उठला. हात वर करून म्हणाला, "माझी हाय, साहेब." मग एकेक जण उठत गेला.

परवानगी नाकारली गेली. अक्कांची भिंत उभी आहे.

घराशेजारी नको ते बांधकाम आलं तर काय करावं, असं लोक मला विचारतात. लेखी हरकत घ्या, सुनावणी चुकवू नका, हे कोणीही सांगेल. मी आणखी एक सांगतो. कोणी दम दिला तर तो पोटात ठेवू नका, आधी समोरचं दार वाजवा. त्या बापानं ते वाजवलं असतं, तर स्वतःच्याच उंबऱ्यावर बाहुली ठेवायची पाळी त्याच्यावर आली नसती.