गॅरेजमधली दोन पावलं

अण्णा घरात चपला घालून फिरत आणि गॅरेजमध्ये पाय धुऊन शिरत. बंगळुरात, बसवनगुडीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला हे माहीत होतं. गॅसवाला असो, कुरिअरवाला असो, नाहीतर खुद्द जावई. कुणालाही सूट नव्हती. शटरपाशी नळ, नळाखाली बादली आणि आतून अण्णांचा खणखणीत आवाज, "पाय! पाय धुऊन ये की!" देवघरात मात्र हे गृहस्थ चपलांसकट जाऊन काडेपेटी घेऊन येत. त्यांच्या पत्नी, अक्का, कपाळावर हात मारून घेत.

अण्णा आमचे घरमालक. मूळचे बेळगावकडचे, सरकारी कारखान्यात यंत्रांची डिझाइनं करून निवृत्त झालेले. आम्ही वरच्या मजल्यावर अकरा वर्षं भाड्यानं राहतोय. गॅरेजमध्ये त्यांची गोल टपाची, पांढरी, जुनी मोटार होती. ती रविवारी लालबागेपर्यंत जाऊन यायची आणि उरलेला आठवडा अण्णा तिला पुसत बसायचे. "गाडी पळताना काय कुणीही बघतंय," ते म्हणत. "उभी असताना बघायला शिकलं पाहिजे."

या गॅरेजात एक माणूस मात्र एकदाच शिरलं, ते म्हणजे अक्का. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी त्या तुळशीला पाणी घालून तशाच चिखलाच्या पायांनी आत गेल्या आणि अण्णा चारचौघांसमोर त्यांच्यावर खेकसले. "बरं, पुन्हा नाही टाकणार पाऊल," एवढंच अक्का म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत टाकलं नाही. रोज संध्याकाळी कॉफीचा पेला घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या. वर विचारायच्या, "तुमच्या गाडीला पण देऊ का स्वल्प?" अण्णा हसायचे. पण अक्का वारल्यावर एकदा मला म्हणाले, "शैला, मी एकदा 'आत ये' म्हणायला पाहिजे होतं ग. जीभ झडली असती काय माझी?" मी म्हटलं, कॉफी गार होतेय.

अण्णांना मोटारींच्या प्रदर्शनांचं भारी वेड. एका वर्षी मलाही घेऊन गेले. केवढा तो मंडप, कानठळ्या बसवणारी गाणी आणि दोरीच्या पलीकडे उभ्या केलेल्या विजेवरच्या गाड्या. अण्णांनी एका मुलाला विचारलं, "बॉनेट उघडून दाखव की." तो म्हणाला, "सर, आत बघण्यासारखं काही नाही, स्क्रीन बघा." झालं! घरी येईपर्यंत अण्णांचा पट्टा चालू. "ही प्रदर्शनं संपली म्हणून समज. स्क्रीनच बघायची तर लोक घरी बसून बघतील. इथून पुढं बोंबे हब्बासारखं व्हायला पाहिजे."

बोंबे हब्ब म्हणजे इथला नवरात्रातला बाहुल्यांचा सण. घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि बायका घरोघर जाऊन बघतात, हळदीकुंकू आणि भिजवलेल्या डाळीची कोसंबरी घेतात. अक्कांच्या बाहुल्या बघायला गल्ली लोटायची आणि अण्णा गर्दीला कंटाळून गॅरेजात दडून बसायचे. अक्का गेल्या, बाहुल्या माळ्यावर गेल्या, आणि दसऱ्याला त्या घराची बेल वाजेनाशी झाली. आता अण्णांचं म्हणणं, ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्यानं दसऱ्याला शटर उघडावं, लोकांनी यावं, हात लावून बघावं, खाऊन जावं. हेच पुढचं प्रदर्शन.

त्याच सुमारास पुण्याच्या मुलीनं, मृदुलानं, त्यांना कायमचं तिकडे यायला कसंबसं राजी केलं होतं. दसऱ्यानंतरचं तिकीटही काढलं. "एकदा दार उघडून सगळ्यांना दाखवतो," अण्णा म्हणाले, "आणि मग कुलूप. सरी?" मी म्हटलं, सरी, ठीक आहे. मला रडू येत होतं, पण सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसानं एकट्यानं राहू नये हेही कळत होतं.

प्रदर्शन म्हटल्यावर फरशी नको का? गॅरेजातलं काँक्रीट तेलानं काळंकुट्ट झालं होतं. अण्णांनी मोबाइलवर बघून वहीत टिपणं काढली, यशवंतपूरला जाऊन एपॉक्सीचे डबे आणले. दोन डब्यांतला माल एकत्र कालवायचा आणि अर्ध्या तासाच्या आत जमिनीवर पसरायचा, मग त्याचा चकचकीत, दगडासारखा थर होतो. कामाला माणूस लावू म्हटलं तर म्हणाले, "माझ्या गाडीखाली दुसऱ्याचा हात कशाला?" गाडी बाहेर काढली, चार दिवस जमीन घासली. प्लॅस्टिकचा कागद चिकटवून खालून ओल येते का ते बघितलं. ओल्या लेपावर चालता यावं म्हणून जुन्या चपलांच्या तळाला खिळे ठोकले. गॅरेजात अण्णा चपला घालून! मी फोटो काढला तर ओरडले.

दुपारी लेप ओतून झाला. राखाडी, आरशासारखा. हवा पावसाळी होती, त्यामुळे आळायला वेळ लागणार असं अण्णा म्हणाले. संध्याकाळी वीज गेली. मला वाटलं, सकाळपासून राबतोय माणूस, पोटात काही नसेल. कॉफी करून खाली नेली. शटर निम्मं वर होतं. अण्णा आतच असतील असं समजून मी सवयीनं चपला काढल्या, पाय धुतले, वाकून आत शिरले. दोन्ही तळव्यांना गार, चिकट लागलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. अग बाई! तशीच मागे झाले. अण्णा मागच्या खोलीत थकून झोपले होते. वर जाऊन रॉकेलनं पाय चोळत मी नवऱ्याला म्हटलं, "सकाळी सांगते आणि बोलणी खाते."

सकाळी अण्णांनीच हाक मारली. ओरडून नाही, हळूच. ते उंबऱ्यावर बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. समोर, अक्का उभ्या राहायच्या तिथून एकच पाऊल आत, दोन अनवाणी पावलं उमटली होती. "बघ की ग," अण्णा म्हणाले, "आली. इतक्या वर्षांनी पुन्हा आत आली. रागावली नाही ती माझ्यावर."

मी तोंड उघडलं होतं, शपथ. पण त्या चेहऱ्याकडे बघून "ती माझी पावलं आहेत हो" हे शब्द कुणाला काढता आले असते, सांगा. नवरा म्हणाला, आत्ताच जाऊन सांग, उद्या जड जाईल. मी म्हटलं, दसरा होऊ दे. अण्णांनी त्याच दिवशी तिकीट रद्द केलं.

दसऱ्याला गल्ली खरोखर लोटली. पोरांनी स्टिअरिंग फिरवलं, म्हाताऱ्यांनी बॉनेटखाली डोकी घातली, अण्णा सगळ्यांना कोसंबरी वाढत होते. पण बायका गाडीकडे बघेनात. अक्कांची म्हणून त्या पावलांवर हळदीकुंकू वाहत होत्या. समोरच्या सरोजम्मांनी माझा दंड धरला, "शैला, तूही कर नमस्कार." मी वाकून स्वतःच्या पायांना नमस्कार केला.

मृदुलाचे फोन यायचे, "शैला, तू जरा समजाव ना ग बाबांना." मी हो म्हणायची, खाली जायची, पावसापाण्याच्या गप्पा मारून वर यायची. आणि रोज संध्याकाळी खालून अण्णांचा आवाज यायचा. "आज गाडीला आंघोळ घातली बघ." मग हसणं. "असं कसं, तूच सांग की." आपल्या घरात कुणी भुताशी बोलतंय म्हणून माणूस घाबरेल. मला त्या भुताच्या मापाच्या चपला आमच्याच दारात दिसायच्या.

अशी दोन वर्षं गेली. मागच्या पावसाळ्यात अण्णांनी ताप अंगावर काढला. आम्ही दोन दिवस गावाला गेलो होतो. परत आलो तर ते गॅरेजात पडलेले. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आले तेव्हा मी ठरवलं, आता सांगायचंच. पण त्यांनीच माझा हात धरला. "शटर ओढलंस काय? ही आत एकटी आहे." मी म्हटलं, "ओढलं, अण्णा." मृदुला पोचायच्या आधी ते गेले. मुलीजवळ असते तर पहिल्या दिवशी डॉक्टर आला असता, हे मला कुणी सांगायला नको.

तेराव्यानंतर मृदुला गॅरेजात बसून होती. म्हणाली, "दोन वर्षं मी भांडले ग त्यांच्याशी. पण निदान आई होती सोबतीला." मग वाकून ती पावलं नीट बघितली. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, अगदी स्पष्ट दिसते. तिनं विचारलं, "आईची करंगळी अशी होती? मला आठवतच नाही बघ." मी साडी सारखी केली, पाय आत घेतले आणि म्हटलं, "असेल."

घर विकायचं ठरलं, तेव्हा तिनं कटरवाला बोलावून फरशीचा तेवढा चौकोन कापून काढला आणि गोधडीत गुंडाळून पुण्याला नेला. या दसऱ्याला तिचा फोटो आला. देवघरात तो राखाडी तुकडा, हळदीकुंकू, शेवंतीची फुलं. खाली लिहिलं होतं, "आता आई आठवली की हेच पाय डोळ्यांपुढे येतात, करंगळीसकट. नातीला पण दाखवते, ही तुझी पणजी."