पांगा म्हणायचे होते, एवढेच

चार्जशीट माझ्या चुलत्यांवर होती आणि ती मराठीत लिहून काढायचे काम माझ्याकडेच आले होते. माझे अक्षर बरे आहे, म्हणून कारखान्यातले सगळे मराठी लेखन माझ्या टेबलावर येते. सकाळी कॉलेज, दुपारी बारापासून ही नोकरी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे एखादा एम.ए. झालेला माणूस बोलू लागला की मी आधी मान हलवतो आणि मग ऐकतो. या प्रकरणात माझी चूक तिथेच झाली.

आमचा कारखाना बर्फाचा, चिंचवडला. मोठ्या टाकीतल्या मिठाच्या थंडगार पाण्यात पत्र्याचे डबे बुडवून आम्ही बर्फ गोठवतो. ते पाणी थंड करायला अमोनिया लागतो. तो इंजिनरूममधल्या नळ्यांतून फिरत असतो. नळीतून सुटला तर डोळे आणि घसा जाळतो. अशा वेळी करण्यासारखे काम फक्त ऑपरेटरला असते: मास्क चढवायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि बाहेर पडायचे. बाकीच्यांनी वाऱ्याच्या दिशेने न पळता, त्याला आडवे जाऊन, वाट फुटेल तिकडे निघून जायचे. मदत म्हणून एवढीच.

फॅक्टरी इन्स्पेक्टरने बजावले की ही सूचना कामगारांच्या भाषेत लावा. इंग्रजी नियमात माणसांनी डिस्पर्स व्हावे आणि वायू डिस्पर्स होईपर्यंत परत येऊ नये, असे होते. आमचे लेबर ऑफिसर सबनीस एम.ए. आहेत. त्यांनी दोन दिवस शब्दकोश चाळले आणि मजकूर तयार केला: ‘भोंगा वाजताच कर्मचारीवर्गाने शिस्तपूर्वक विकीर्ण व्हावे व वायू विकीर्ण होईपर्यंत प्रत्यागमन करू नये.’

मी चाचरत विचारले, “साहेब, ‘पांगावे’ चालेल का?”

“पांगतात ती गुरं, सदाशिव. कॉलेजात हेच शिकवतात वाटतं?”

गुरे पांगतात हे खरेच आहे. बाजार उठला की माणसेही पांगतात, पाऊस झाला की ढग पांगतात. एका जागी जमलेले आपापल्या वाटेने निघाले, की ते पांगले. ज्वारीचे पोते फाटले तर दाणे विखुरतात. ते पांगत नाहीत, कारण त्यांना कुठे जायचे नसते. आणि वास विरतो. हे सगळे मला घरी, शब्दकोशाशिवाय, फुकट मिळाले होते. पण मी “होय साहेब” म्हणालो. खरे सांगायचे तर तो शब्द मला आवडलाही होता. त्याच आठवड्यात कॉलेजच्या निबंधात मी तो दोनदा घातला.

इंजिनरूमच्या दारावर फळा लागला. माझे चुलते धोंडूतात्या टाकीवर मुकादम आहेत. गाव चिखली. त्यांना वाचता येत नाही.

“काय लिवलंय रं सदा?”

मी खणखणीत आवाजात वाचून दाखवले.

“ऐकाया ग्वाड हाय,” तात्या म्हणाले. “पर करायचं काय आमी?”

सबनीस मागेच उभे होते. मी म्हणालो, “साहेब सांगतील.” साहेबांनी सांगितले नाही. शुद्ध मराठीचा अर्थ सांगणे म्हणजे तिचा अपमान, असे त्यांचे मत आहे.

चैत्रातल्या एका दुपारी नळीचा सांधा गेला आणि भोंगा वाजला. आमचे कामगार चिखली, रावेत, आकुर्डीचे. गावात आरोळी उठली की प्रत्येक जण हातात येईल ते घेऊन तिकडे धावतो. गंजी पेटली आणि जो आला नाही, त्याला गाव वर्षभर बोलते. तेव्हा भोंगा ऐकून तीसेक माणसे ओली पोती घेऊन थेट इंजिनरूमच्या दारात जाऊन उभी राहिली. फळा त्यांच्या डोक्यावरच होता.

आत बाबू ऑपरेटरने व्हॉल्व्ह बंद केला होता, पण त्याचा मास्क सैल होता आणि त्याला बाहेर पडायला दारच उरले नव्हते. तो आतून ढकलत होता. मदतीला आलेल्यांना तो दिसतही नव्हता आणि ते पुढे रेटत होते. मी ऑफिसच्या पायरीवर उभा होतो.

तात्या टाकीवर चढले आणि ओरडले, “पांगा रं! पांगा! दार सोडा, रानात पांगा!”

दार मोकळे झाले. बाबू रांगत बाहेर आला. डोळे वाचले त्याचे, पण उन्हात अजून पाणी येते.

चौथ्या दिवशी सबनीसांनी इंग्रजीत चार्जशीट काढली. मुकादमाने अशिष्ट शब्द ओरडून घबराट पसरवली, कामगार गेटपास न घेता शेजारच्या रानात गेले आणि उन्हात काढलेल्या बर्फाच्या लाद्या वितळल्या. सबब मुकादमास कामावरून कमी का करू नये?

मी पहिली ओळ लिहिली आणि थांबलो. मग तो अर्धवट कागद घेऊन मॅनेजर मेहतासाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सबनीस तिथेच होते.

“लिहिलं?” मेहतांनी विचारले.

“नाही साहेब. फळा मी वाचून दाखवला होता. अर्थ सांगितला नव्हता. तात्यांनी विचारला, तेव्हा मी टाळलं.”

“अर्थ काय सांगायचा?” सबनीस म्हणाले. “स्वच्छ मराठी आहे!”

“सबनीस, मला पण नाय समजलं ते,” मेहता म्हणाले. “मला वाटलं, मी गुजराती, म्हणून असेल.”

त्यांनी टाकीवरून तिघांना बोलावले आणि विकीर्ण म्हणजे काय ते विचारले. पहिला म्हणाला, औषधाचं नाव असंल. दुसरा म्हणाला, “पूजेत म्हणत्यात तसलं कायतरी हाय.” तिसऱ्याने सबनीसांकडे पाहिले आणि अदबीने म्हणाला, “सायबांच्या गावाकडलं असंल.”

मेहतांनी चार्जशीटचा इंग्रजी मसुदा टोपलीत टाकला. “पांगा म्हंजे काय?” तिघेही एकदम म्हणाले, “निघून जायाचं!”

“नव्या फळ्यावर कंसात तरी मूळ शब्द राहू द्या,” सबनीस म्हणाले. राहिला आहे. बारीक अक्षरांत.

नवा फळा असा आहे: ‘भोंगा वाजला की पांगा. दारात थांबू नका. वाऱ्याला आडवे जा. वास विरेपर्यंत परत येऊ नका.’ तो दर सोमवारी मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम मला मिळाले आहे. स्टुलावर उभा राहून पहिल्यांदा वाचला तेव्हा तात्या टाकीच्या काठावर बसून ऐकत होते.

“ह्ये तर आमास्नी ठावं हुतंच की,” ते म्हणाले. “एवढं लिवायला कालेजात जावं लागतं व्हय रं?”

सगळे हसले. मी कंसातला शब्द न वाचता खाली उतरलो.