शिरवळच्या प्रेसचं कार्ड

वडूजचा निजाम शिकलगार जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. म्हणजे लोकांनी भंगारात घालायला काढलेलं पुन्हा त्यांच्याच गळ्यात मारतो, असं त्याची बायको समीना म्हणते. शिरवळ-कुपवाडच्या कारखान्यांत असले म्हातारे कॉम्प्युटर अजून मशिनी चालवतात आणि ते रुसले की निजामला फोन येतो.

या खेपेला फोन शिरवळच्या कारखान्याचे मालक आप्पासो यांचा होता. त्यांच्याकडच्या पत्र्याला भोकं पाडणाऱ्या प्रेसच्या कॉम्प्युटरमधलं, पायडल दाबल्याचं त्याला कळवणारं कार्ड जळलं होतं आणि ते बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. निजामनं सांगलीच्या भंगारवाल्याकडून तसलंच कार्ड हुडकून आणलं. खाचेत ते चपखल बसलं, प्रेस सुरू झाली. ती चालवणारी मंगल हात जोडून म्हणाली, “भाई, लय उपकार झालं.” खटावच्या माळावर मेंढरांमागं वाढलेली ही बाई, नवरा गेल्यापासून लेकरं याच प्रेसवर पोसत होती.

पण शिकलगारांच्या घरात एक रीत आहे. धार लावलेली वस्तू आधी आपल्या नखावर बघायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. निजामनं मंगलला उठवलं आणि स्वतः प्रेसपुढं बसला. खंडेनवमीच्या पूजेचा कोहळा तिथंच होता. तो त्यानं प्रेसखाली, पत्रा धरणाऱ्या हाताच्या जागी ठेवला, पाय पायडलवरून काढला आणि वाट बघत राहिला. आप्पासो जांभया देऊ लागले. मग फ्लॉपी वाचायला कॉम्प्युटर कुरकुरला आणि प्रेस धाडकन खाली आली. कोहळ्याच्या चिंधड्या उडाल्या.

घोळ निजामला उमगला. फ्लॉपीचं कार्ड आणि हे नवं कार्ड एकाच नंबरवरून कॉम्प्युटरला हाक मारत होती. फ्लॉपीनं हाक मारली, तरी कॉम्प्युटरला वाटे मंगलनंच पायडल दाबलं. नंबर बदलायला कार्डावर पिना असतात. या कार्डाच्या कुण्या शहाण्यानं मुळापासून छाटलेल्या. फ्लॉपीचं कार्ड काढावं, तर प्रेसचा प्रोग्रॅम फ्लॉपीवरच. जंग जंग पछाडलं, पण जमेना.

“कवातरी एखाद्या बारीला व्हतंय की,” आप्पासो म्हणाले. “चालत नसंल तर भंगारात घालतो हिला. नवी मशीन आणतो, तिच्यावर शिकलेला गडी ठेवतो.”

ते फोनवर बोलत बाहेर गेले, तशी मंगल जवळ आली. “भाई, तुमी नुसतं चालतंय म्हणा. हात माझं मी सांभाळीन. ही गेली तर मी कुठं जाऊ?”

निजामला तिची कणव आली, रागही आला. एक शब्द टाकला असता तर तिची चूल चालू राहिली असती. पण त्यानं कार्ड उपसलं आणि पकडीनं मोडून टाकलं.

“हे काय केलं, भाई?” एवढंच ती म्हणाली.

दिवाळीच्या आधी ती त्याला वडूजच्या एसटी स्टँडवर दिसली. काम सुटलं म्हणून लेकरं घेऊन कायमची माहेरी निघाली होती. निजामनं हाक मारली. तिनं पाहिलं, ओळख दाखवली नाही, दोन्ही हातांनी बोचकं उचललं आणि गाडीत चढली. दहाही बोटं शाबूत होती. तरी निजामला तिच्या तोंडाकडं बघवेना.