कार्डांना कुंकू

विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला मी एकदा कुंकू चारलं. लावलं नाही, चारलं! वेण्या दोन आणि अक्कल अर्धी, असं माझं तेव्हाचं रूप.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. कामशेतहून रोज गाडीनं पुण्याला जायचे. विद्यापीठात नवं कॉम्प्युटर केंद्र निघालं होतं, तिथं मी पंच ऑपरेटर. म्हणजे जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडायची; त्या भोकांवरून मशीन आकडे वाचायचं. नोकरी हंगामी. ठेवायचं की घरी धाडायचं, ते दिवाळीला ठरणार. घरी धाडलं तर आईनं लोणावळ्याचं स्थळ तयारच ठेवलं होतं, चिक्कीच्या दुकानासकट.

एक संशोधक बाई मावळातल्या पावसाचा अभ्यास करत होत्या. लोणावळा, पवनेकाठची गावं, आमचं कामशेत, साऱ्यांचा पाऊस माझ्या बोटांखालून कार्डांवर उतरला होता. मशीनवर बाईंचा नंबर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

खंडेनवमीला केंद्रात पूजा झाली, मशीनला झेंडूचा हार चढला. मंडळी पेढे खायला पांगली आणि मला वडील आठवले. औजारं पुजताना ते विळ्याकोयत्यांपासून मोडक्या खुरप्यापर्यंत सगळ्यांना बोट लावायचे. "एकाला लावलं आन् दुसऱ्याला न्हाई, तर त्ये रुसतंय गं."

मग काय! मी कार्डांची चळत पुढ्यात घेतली आणि एकेका कार्डाला कुंकवाचं ओलं बोट लावलं. एकालाही रुसू दिलं नाही.

दुपारी केंद्राच्या प्रमुख सरांनी चाचणीसाठी तीच चळत मशीनला लावली. चिकटलेली कार्डं गठ्ठ्यानं आत गेली, घरघर झाली आणि मशीन गप्प. सरांनी झाकण उघडून आत हात घातला, तो लाल होऊन बाहेर आला.

"हे काय?"

"पूजा केली, सर."

"कशाची?"

"सगळ्यांची. एखादं राहिलं तर रुसतं."

सर मोजकं बोलणारे. एवढंच म्हणाले, "उद्या सुट्टी आहे. तरी या."

काढून टाकायला मुहूर्त तरी दसऱ्याचा काढला, असं म्हणत मी सकाळची गाडी पकडली. जाऊन बघते तो सर आधीच फाटकी कार्डं जुळवत बसलेले. ते आकडे वाचायचे, मी नव्या कार्डांवर पंच करायची. मध्येच थांबून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कामशेतला एवढा पाऊस पडतो?"

"व्हय," माझ्या तोंडून गेलं. पुण्यात मी हा शब्द जपून गिळायची.

"आणि त्यातून तुम्ही रोज येता?"

मी मान हलवली. पुढचे आकडे त्यांनी जरा हळू वाचले.

संध्याकाळी मशीननं सगळी चळत मुकाट्यानं गिळली. मी पिशवी उचलली आणि धीर करून विचारलं, "सर, दिवाळीनंतर येऊ की नको?"

सरांनी खणातून एक कोरं कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं.

"हे मशीनमध्ये घालायचं नाही. पुढच्या खंडेनवमीला फक्त यालाच कुंकू लावा, आणि बाकीच्यांना सांगा, सरांनी सांगितलंय, रुसायचं नाही."