रहाडीतला राक्षसी तारा

रंगनाथ सरांनी मला आठवी ते दहावी शास्त्र शिकवलं आणि मला पस्तीस मार्क पडले, यात दोष कुणाचा ते आमच्या गल्लीत अजून ठरलेलं नाही. सर समोरच राहतात, त्यामुळे निवृत्त झाले तरी त्यांनी मला शिकवायचं सोडलं नाही. सकाळी दार उघडलं की समोरून आवाज येतो, "संध्या, म्हातारा तारा काय करतो?" अहो, माझं दूध उतू जातंय, त्याचं काय करू ते सांगा!

तर म्हातारा तारा फुगतो. शेकडो पट फुगतो, तांबडा होतो, त्याला राक्षसी तारा म्हणतात. मग अंगातला वायू आणि धूळ चहूकडे उधळत बसतो. सर एकाहत्तर वर्षांचे, वजन अठ्ठ्याण्णव किलो, आणि बोलायला लागले की समोरच्याच्या तोंडावर तुषार. हा धडा आम्हाला वेगळ्या उदाहरणाशिवाय कळायचा.

आमच्या जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाड उघडतात. रहाड म्हणजे जमिनीतला जुना दगडी हौद. वर्षभर वर फळ्या आणि माती, त्यावरून रिक्षा धावतात. त्या एका दिवसासाठी तो खोदून काढायचा, फुलांच्या रंगाच्या पाण्यानं भरायचा आणि आत उडी मारायची. त्या उडीला म्हणतात धप्पा. काठावरची माणसं चिंब झाली तरच तो धप्पा, नाहीतर नुसतं पडणं. आमच्या रहाडीतल्या पहिल्या धप्प्याचा मान सरांच्या घराण्याकडे. एक्केचाळीस वर्षं तो सरांनी मारला आणि खोटं कशाला बोलू, तसा धप्पा दुसऱ्या कुणाला जमत नाही.

पण गेल्या वर्षी उडी झकास झाली आणि सरांना वर येता येईना. गुडघ्यांनी दगा दिला. चार जणांनी दोर लावून त्यांना बाहेर काढलं. म्हणून यंदा रहाडीच्या मंडळाचा अध्यक्ष नवनाथ आठवडाभर आधी सरांच्या घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "सर, मान आता धनराजला देऊन टाका." धनराज म्हणजे सरांचा पुतण्या, वजन पंचावन्न किलो.

"तो?" सर गरजले. "अरे, तो पडला तर पाण्याला पत्तासुद्धा लागायचा नाही!"

नवनाथ गेला. मला फार वाईट वाटलं. वर्षातून तेवढा एकच दिवस सगळी गल्ली त्यांच्याकडे बघायची. बाकी दिवस आम्ही सगळे त्यांना टाळायचो, मीसुद्धा.

रहाडीचा रंग वत्सलाकाकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या अंगणात शिजतो. हरसूलकडचा फुलंवाला झिपरू पळसाच्या फुलांची पोती आणतो आणि आदल्या दिवशी सकाळीच काकू चुलीवर मोठी कढई चढवतात. मी फुलं निवडायला गेले होते. सर खुर्चीत तोंड पाडून बसले होते. कढईच्या मधोमध उकळी फुटली आणि केशरी फेस सगळीकडे सारखा पसरायला लागला. काकूंनी लांब दांड्याचा लाकडी डाव घातला आणि गोल फिरवला. फेसाचं वेटोळं झालं.

"थांब!" सर ताडकन उठले. गुडघ्यांचं दुखणं कुठे गेलं कोण जाणे.

"थांबले तर करपेल," काकू म्हणाल्या.

"अगं, नको थांबू, फिरव! संध्या, बघ. राक्षसी तारा एकटा असता तर त्याची धूळ चेंडूसारखी सगळीकडे सारखी गेली असती. पण दुर्बिणीतून बघितलं तर कुठे वेटोळी, कुठे कडी, कुठे मध्ये चिमटलेलं डमरू! का? तर शेजारी दुसरा तारा फिरत असतो, सोबती. तो ती धूळ ओढतो, ढवळतो. आकार तो देतो. आणि गंमत म्हणजे, बऱ्याचदा तो दिसतच नाही! धुळीत लपलेला. वेटोळ्यांवरून ओळखायचं, की इथे कुणीतरी आहे."

वाफेच्या लोटातून काकूंचा आवाज आला. "म्हणजे ढवळायचं एकानं आणि नाव राक्षसाचं. यासाठी दुर्बीण कशाला लागते?"

मी खदखदून हसले. सर हसले नाहीत. वाफेत काकू कुठे दिसतात का, ते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रहाडीभोवती तोबा गर्दी. धनराज एकीकडे बनियनवर तयार, नवनाथ दुसरीकडे दोर घेऊन तयार, कारण सर ऐकतील याची कुणालाच खात्री नव्हती. सर काठावर आले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "म्हातारा तारा काय करतो?"

गर्दीतून आवाज आला, "अरे देवा!"

"व्याख्यान नाही देत," सर म्हणाले. "एक्केचाळीस वर्षं तुम्ही माझा धप्पा बघितलात. रंग कुणाचा होता, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. मान घराण्याचा आहे ना? मग ही घराण्यातलीच. वत्सला, ये. पहिला धप्पा तुझा."

नवनाथ पुटपुटला, "सर, काकूंना जमेल का?"

काकूंनी पदर खोचला. "मी गोदाकाठची आहे. लहानपणी पुलावरून नदीत उड्या मारायचे. एक्केचाळीस वर्षांत कुणी विचारलं होतं का?"

आणि घेतली की हो उडी! काय तो धप्पा! सर काठावरच होते, नखशिखांत केशरी झाले. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना पहिला धप्पा बाहेरून दिसला. तोंड उघडं, शब्द नाही. काकू कुणाचाही हात न धरता वर आल्या. गल्लीनं शिट्ट्यांनी कान किटवले.

नवनाथनं दोर टाकून दिला. "काकू, पुढच्या वर्षीही मान तुमचाच!"

सरांना लगेच वाचा फुटली. "असं कसं? एक वर्षाआड!"

"आडबिड काही नाही," काकू पदर पिळत म्हणाल्या. "दर वर्षी मीच. तुम्ही कढई ढवळा."

सर हळूच म्हणाले, "पण मग डाव कसा धरायचा, ते आधी शिकव."